परदेशातील बाळंतपण आणि 'डूला' : लेकीच्या सोबतीचा शोध

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक माउली आम्हांस भेटावयास आल्या. त्यांची लेक न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स या विभागात राहते. पहिलेच बाळंतपण, आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे किंवा निदान आईने तरी लेकीजवळ असावे, ही साहजिक अपेक्षा. डिंक, अळीव, बाळंतशेपा, बाळासाठी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी असा सारा बाळंतविडा बांधून तयार होता. परंतु व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतरची. लेकीने फोनवरून धीर दिला, "आई, इथे डूला मिळते. तिचे पैसे विम्यातून भरले जातात, असे इस्पितळात सांगितले आहे." त्या माउलींनी आम्हांस विचारले, "फादर, ही डूला म्हणजे कोण? आणि परकी बाई माझ्या मुलीला काय समजून घेणार?"

खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. डूला म्हणजे इंग्रजी शिकलेली सुईण असावी, एवढाच आमचा समज होता आणि तो चुकीचा होता. त्यानंतर आम्ही जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्या अनेक कुटुंबांतील लेकी-सुना आज परदेशी आहेत. उद्या हाच प्रश्न दुसऱ्या एखाद्या घरी उभा राहील, तेव्हा ही माहिती कामास यावी, हा हेतू.

डूला म्हणजे कोण?

'डूला' हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ 'सेवा करणारी दासी' असा आहे. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने स्तनपानावरील आपल्या १९७३ सालच्या पुस्तकात तो नव्या अर्थाने वापरला. बाळंतिणीजवळ राहून तिला आधार देणारी अनुभवी स्त्री, हा तो अर्थ.

सुईण आणि डूला यांतील भेद आधी ध्यानात घ्यावा. सुईण प्रसूती करते. डूला प्रसूती करीत नाही, तपासणी करीत नाही, औषध देत नाही आणि डॉक्टरांच्या वतीने निर्णयही घेत नाही. गरोदरपणात ती काही वेळा घरी येऊन भेटते, मनातील भीती ऐकून घेते, डॉक्टरांना काय विचारावे हे ठरविण्यास मदत करते. कळा सुरू झाल्या की ती अखेरपर्यंत सोबत राहते. पाठ चोळणे, कूस बदलण्यास मदत करणे, श्वासाची लय सांभाळणे, घोटभर पाणी देणे, नवऱ्यालाही धीर देणे ही तिची कामे. बाळ जन्मल्यानंतर अंगावर पाजण्यात अडचण आली किंवा मन खचले, तरी ती घरी येते. आपल्याकडे नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण पाठवीत असत. डूला ही बाळंतपणातील पाठराखीण होय, असे म्हटले तर फारसे वावगे ठरणार नाही.

या सोबतीचा उपयोग केवळ मनाच्या समाधानापुरता नाही. मार्शल क्लाउस व जॉन केनेल या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्वाटेमाला देशातील एका इस्पितळात केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांजवळ अशी सोबतीण होती त्यांच्या कळांचा काळ सरासरी ८.८ तासांचा, तर एकाकी असलेल्या स्त्रियांचा १९.३ तासांचा आढळला. तो अभ्यास लहान होता. पुढे २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतील २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आणि कळांचा काळ काहीसा अल्प, असा त्याचा निष्कर्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, प्रत्येक स्त्रीला प्रसूतीसमयी तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली आहे. आपल्या भारत सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-सोबतिणीस परवानगी दिली.

ग्वाटेमालातील त्या अभ्यासातील एक गोष्ट आमच्या माउलींच्या प्रश्नाशी निगडित आहे. त्या सोबतिणी नात्यागोत्यातील नव्हत्या, मातांची व त्यांची आधीची ओळखही नव्हती. परंतु त्या तिची भाषा बोलत होत्या आणि क्षणभरही तिला एकटे सोडीत नव्हत्या.

पैसे कोण भरणार?

अमेरिकेत खाजगीरीत्या डूला ठेवावयाची तर साधारण हजार डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत खर्च येतो. सामान्य कुटुंबास तो न पेलणारा आहे. म्हणून विम्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्या देशात 'मेडिकेड' नावाची, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्र व राज्य शासनांनी मिळून चालविलेली आरोग्यविमा योजना आहे. तिचे नियम राज्याराज्यांत भिन्न असतात. ओरेगन व मिनेसोटा ही राज्ये डूलाचा खर्च मेडिकेडमधून देण्यात अग्रेसर ठरली. न्यू जर्सीने १ जानेवारी २०२१ पासून, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून आणि न्यूयॉर्कने १ मार्च २०२४ पासून राज्यभर ही सोय सुरू केली.

न्यूयॉर्कच्या योजनेत गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर बारा महिन्यांपर्यंत मिळून आठ भेटी व प्रसूतीसमयीची सोबत यांचा समावेश आहे. न्यूयॉर्क शहरात डूलाला या सर्व सेवेपोटी एकूण १,५०० डॉलरपर्यंत, तर राज्याच्या अन्य भागांत १,३५० डॉलरपर्यंत मोबदला ठरविण्यात आला. ही रक्कम योजनेकडून थेट तिला मिळते, बाळंतिणीकडून तिने वेगळे पैसे घ्यावयाचे नसतात. प्रारंभी डॉक्टरांची शिफारस आणणे आवश्यक होते. जून २०२४ मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी सर्वांसाठी एकच स्थायी आदेश काढला, त्यामुळे स्वतंत्र चिठ्ठीची गरज उरली नाही. गर्भवती स्त्रियांसाठी मेडिकेडची उत्पन्नमर्यादा इतरांपेक्षा सैल आहे आणि पोटातील बाळही कुटुंबाच्या संख्येत धरले जाते. त्यामुळे 'आपण बसत नाही' असे गृहीत धरणाऱ्या कुटुंबांनीही एकदा चौकशी करावी. मात्र ज्यांचे स्थलांतराचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांनी कोणत्याही सरकारी योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी त्या कायद्याच्या जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण या बाबतीतील धोरणे वारंवार बदलतात.

नोकरीतून खाजगी विमा मिळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपली संगणक क्षेत्रातील बहुतेक मुले याच वर्गात मोडतात. ऱ्होड आयलंड राज्याने २०२२ पासून खाजगी विमा कंपन्यांवरही डूलाचा खर्च देण्याचे बंधन घातले, परंतु असे बंधन सर्वत्र नाही. काही मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना हा लाभ स्वतंत्रपणे देतात. म्हणून विमा कंपनीला विचारून न थांबता नोकरीच्या ठिकाणच्या मनुष्यबळ विभागाकडेही चौकशी करावी. वैद्यकीय खर्चासाठी वेतनातून बाजूला ठेवलेली करमुक्त रक्कम डूलासाठी वापरता येते काय, हेही तेथेच कळते. त्यासाठी बहुधा डॉक्टरांचे पत्र लागते.

हडसन नदीच्या एका तीरावर न्यूयॉर्क, दुसऱ्या तीरावर न्यू जर्सी. आपली अनेक मराठी कुटुंबे जर्सी सिटी व एडिसन येथे राहतात आणि कामासाठी पलीकडे जातात. मेडिकेडसाठी कामाचे ठिकाण पाहिले जात नाही, राहते राज्य पाहिले जाते, हे अशा कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे.

'आपली' म्हणजे कोणती?

आता त्या माउलींच्या प्रश्नाचा दुसरा भाग. परकी बाई काय समजून घेणार?

अमेरिकेत हा प्रश्न प्रथम कृष्णवर्णीय स्त्रियांनी तीव्रतेने मांडला, आणि त्यामागे दुःखद कारण आहे. तेथील शासकीय आकडेवारीनुसार २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण श्वेतवर्णीयांत १४.५, तर कृष्णवर्णीयांत ५०.३ होते. आपली वेदना इस्पितळात गांभीर्याने ऐकली जात नाही, असा या स्त्रियांचा अनुभव होता. म्हणून ब्रुकलिनमध्ये २००८ साली 'एन्शंट साँग' या संस्थेने त्यांच्याच समाजातील स्त्रियांना डूलाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे २०२२ साली न्यूयॉर्क महापालिकेनेही गरजू वस्त्यांसाठी विनामूल्य डूला पुरविण्याचा शहरव्यापी उपक्रम सुरू केला. आपल्यासारखी स्त्री जवळ असेल तर मन मोकळे होते, हा त्यामागील विचार.

परंतु आपल्या लेकीसाठी 'आपल्यासारखी' म्हणजे कोण? न्यूयॉर्क महानगरात सातशेहून अधिक भाषा बोलल्या जात असल्याची नोंद आहे. त्या गर्दीत मराठी बोलणारी, कॅथलिक, घराजवळ राहणारी, मेडिकेडमध्ये नोंदलेली आणि नेमक्या तारखेस मोकळी असलेली डूला शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय. 'दक्षिण आशियाई' या एका शब्दात ढाक्यापासून कोलंबोपर्यंतचे सारे लोक बसविले जातात. भारतीय डूला मिळाली तरी ती निव्वळ शाकाहारी असू शकते आणि आपल्या बाळंतिणीच्या ताटातील सुक्या बोंबलाकडे पाहून नाक मुरडू शकते. ती पाचवी-बारशाची चौकशी करील, पण बाप्तिस्म्याची तारीख, धर्मपिता-धर्ममाता यांची निवड हे तिच्या ध्यानीही येणार नाही. नाव-गाव जुळले म्हणजे मन जुळतेच असे नाही.

याउलट उदाहरण पाहू. मेक्सिको व अन्य लॅटिन अमेरिकन देशांतील कुटुंबांत बाळंतिणीने चाळीस दिवस विश्रांती घ्यावी, थंडी-वाऱ्यापासून जपावे, ऊन-ऊन पेज-रस्सा घ्यावा, अशी रीत आहे. तिला ते 'क्वारेंतेना' म्हणतात. आपला सव्वा महिना आणि ही रीत सख्ख्या बहिणी शोभाव्यात. चिनी कुटुंबांतही 'महिनाभर बसणे' ही अशीच प्रथा आहे. अशा घरातून आलेल्या डूलाला 'मी गार पाणी पीत नाही', 'मला डोक्याला बांधावयास रुमाल हवा' हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय लॅटिन अमेरिकन स्त्री बहुधा कॅथलिक असेल, तर कळांच्या वेळी हातातील रोझरी पाहून ती बुचकळ्यात पडणार नाही.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली, हे आपण दर वर्षी ऐकतो. तिथे नाते होते, भाषा एक होती, श्रद्धा एक होती. आपल्या लेकीला ही तिन्ही एका व्यक्तीत मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास यांपैकी कशावाचून आपले अडेल आणि कशावाचून चालेल, हे तिने स्वतः ठरवावे. सासूने वा आईने नव्हे, बाळंतीण होणारीने.

शोध कसा घ्यावा?

प्रथम एका कागदावर आपल्या गरजा लिहाव्यात. कळांच्या वेळी मला मराठी किंवा हिंदी ऐकावयास हवी काय, की इंग्रजी चालेल? खोलीत पुरुष असल्यास मला संकोच वाटतो काय? नवरा जवळ हवा की बाहेर? बाळंतपणानंतर कोणते खाणे हवे आणि ते कोण रांधणार? प्रार्थनेसाठी निवांतपणा हवा काय? हा कागद हाती असला म्हणजे प्रत्येक डूलाला तेच प्रश्न विचारता येतात आणि तुलना करता येते.

त्यानंतर विमापत्राच्या मागील क्रमांकावर फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. माझ्या योजनेत डूला आहे काय? किती भेटी? तुमच्याकडे नोंदलेल्या डूलांची यादी मिळेल काय, आणि त्यांत भाषेचा उल्लेख आहे काय? फोनवरील अथवा व्हिडिओवरील भेटी धरल्या जातात काय? शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. तशी मुभा असेल तर मराठी बोलणारी डूला दूरच्या उपनगरात राहत असली तरी आधीच्या व नंतरच्या भेटींसाठी उपयोगी पडू शकते. उत्तर देणाऱ्याचे नाव व दिनांक लिहून ठेवावा.

न्यूयॉर्क शहरात ३११ या क्रमांकावर महापालिकेच्या उपक्रमाची सद्यस्थिती विचारता येते, दुभाषीही मिळतो. इस्पितळातील समाजसेविका, प्रसूतिपूर्व वर्ग चालविणाऱ्या परिचारिका आणि महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांतील अनुभवी भगिनी यांनाही विचारावे. आपले धर्मग्राम विसरू नये. क्वीन्स व ब्रुकलिन मिळून ब्रुकलिन धर्मप्रांत होतो. स्थलांतरितांचा धर्मप्रांत म्हणूनच तो ओळखला जातो आणि तेथे अनेक भाषांत मिस्सा होते. मिस्सानंतर चहाच्या टेबलावर जी माहिती मिळते, ती कित्येकदा कोणत्याही यादीत नसते.

मेडिकेडचा मोबदला खाजगी दरापेक्षा कमी असल्याने तेथे नोंदणी करणाऱ्या डूलांची संख्या मर्यादित राहते. म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत तरी शोध सुरू व्हावा. निवड करण्यापूर्वी दोघी-तिघींशी बोलावे. ऐन वेळी ती आजारी पडली वा दुसऱ्या प्रसूतीस गेली तर तिच्याऐवजी कोण येणार, त्या इस्पितळात नवऱ्याबरोबर डूलालाही आत सोडतात काय, शस्त्रक्रिया करावी लागल्यास काय, हे आधीच विचारून घ्यावे. २०२० च्या महामारीत न्यूयॉर्कमधील काही इस्पितळांनी नवऱ्यालाही बाहेर ठेवले होते. अखेर राज्य शासनाने आदेश काढून सोबतीचा हक्क राखला.

भाषा न जुळणारी पण अन्यथा योग्य अशी डूला मिळाली, तर इस्पितळाकडून विनामूल्य दुभाषी मागता येतो. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या इस्पितळांवर आरोग्यविषयक संघीय कायद्याच्या कलम १५५७ नुसार तसे बंधन आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तो अवश्य मागावा. डूला वा नवरा यांना दुभाषी करू नये.

रीतिरिवाज जपताना

संस्कृती समजणारी डूला आणखी एका कारणासाठी हवी. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले. त्यांनी भारतात बनविलेली काही आयुर्वेदिक औषधे घेतली होती. अशा गोळ्या वा काढे आपण घेतो, हे पुष्कळ स्त्रिया डॉक्टरांना सांगतच नाहीत. हसतील, रागावतील ही भीती. ज्या डूलासमोर संकोच नाही तिला हे सहज सांगितले जाते, आणि 'डॉक्टरांना दाखवून मग घे' असे ती सांगू शकते.

आपल्या सर्वच प्रथा हितकर नाहीत, हेही नम्रतेने मान्य केले पाहिजे. एक वर्षाखालील बाळास मध चाटवू नये, कारण त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसे असू शकते. बंद सदनिकेत निखाऱ्यांची शेगडी वा धुरी धोक्याची असते. मात्र अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, ओव्याचे पाणी, हलक्या हाताचे तेलमालिश आणि सव्वा महिन्याचा विसावा यांत आईच्या हाताची ऊब आहे. काय ठेवावे व काय सोडावे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हे बोलणे सोपे करून देणे हीच चांगल्या डूलाची कसोटी.

येथील आईवडिलांना

व्हिसा मिळाला नाही म्हणून आईची भूमिका संपत नाही. पदार्थांच्या कृती लिहून पाठवाव्यात, डूलाशी एकदा व्हिडिओवर बोलावे, लेकीच्या सवयी तिला सांगाव्यात. लेकीने निवडलेल्या बाईविषयी तिच्याजवळ शंका काढीत बसू नये. कळांच्या वेळी तिला दोन मतांच्या ओढाताणीपेक्षा एका शांत आवाजाची गरज असते.

त्या माउलींच्या लेकीला मराठी डूला मिळाली नाही. मूळची मेक्सिकोची एक प्रौढ कॅथलिक भगिनी मिळाली. दोघींचे बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत होई. प्रसूती रात्री झाली, सकाळी फोन आला. मुलगी झाली होती. पुढच्या आठवड्यात माउली पुन्हा आमच्याकडे आल्या. व्हिडिओवर त्यांनी पाहिले होते, की त्या भगिनीने लेकीच्या कानांवरून रुमाल बांधला होता आणि हाती ऊन पेजेचा वाडगा दिला होता. "फादर," त्या म्हणाल्या, "मी सांगितले नव्हते हो तिला."